बाईंना सांगू नका

पलीकडे एखादं वयस्कर माणूस फोनवर आलं की बाई खुर्चीतून उठून उभ्या राहायच्या. पदर सारखा करायच्या, चष्मा नाकावर चढवायच्या आणि मग म्हणायच्या, "नमस्कार दादा. जेवण झालं का?" पुढे ऊस तुटून गेला का, म्हैस व्याली का, धाकटी सून माहेराहून आली का, अशी चौकशी बराच वेळ चालायची, आणि ती सगळी उभ्यानं. मी नोकरीत नवीन होते आणि तोंडाळ होते. एकदा म्हटलंच, "बाई, तुम्ही उभ्या आहात हे त्यांना थोडंच दिसतंय?"

मीच काहीतरी अडाण्यासारखं बोलले असं बाईंनी माझ्याकडे बघितलं. "बसून बोललेलं कळतं गं माणसाला," त्या म्हणाल्या आणि पुढचा नंबर फिरवला.

आम्हाला खरं जे विचारायचं असायचं ते सगळ्यात शेवटी यायचं. "बरं, आता गुडघा काय म्हणतोय?" फोन फार लांबतात म्हणून आमचे सर कधी कुरकुरले, तर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "आधी माणूस, मग गुडघा."

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या कामात भाग घेणाऱ्यांची नावं बाहेर सांगायची नसतात, त्यांचे नुसते नंबर असतात, आणि या नियमाच्या बाबतीत बाई इतक्या कडक होत्या की एकदा बसमध्ये मी कुणाचं तरी नाव घेतलं म्हणून त्यांनी भर गर्दीत मला चिमटा काढला होता. तेव्हा त्यांचं नावही राहू द्या. सगळं ऑफिस त्यांना बाई म्हणायचं, आणि गावोगावची माणसंही बाईच म्हणायची.

ऑफिस सांगलीत होतं, मिरज रस्त्यावर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. नवं औषध बाजारात येण्याआधी ते माणसांना देऊन बघावं लागतं. अशी माणसं शोधायची, त्यांना सगळं समजावून त्यांची संमती घ्यायची आणि मग महिनोन्महिने त्यांची खबरबात ठेवायची, हे काम आमची छोटी कंपनी करत असे. डॉक्टर होते ते सर. माणसं जोडणं आणि ऑफिस चालवणं ही दोन्ही खाती बाईंकडे. मी कराडजवळच्या मलकापूरची, शिक्षण संपवून नुकती आलेली, बाईंच्या हाताखाली.

तुम्हाला वाटेल, जाहिरात दिली की माणसं येत असतील. आमच्या भागात जाहिरात वाचून येतो तो नुसती चौकशी करतो आणि चहा घेऊन जातो. बाई स्वतः गावोगाव फिरायच्या. पलूसला बाजाराच्या दिवशी, कवठे महांकाळकडे एखाद्या देवळाच्या मंडपात, कुठे बचत गटाच्या बैठकीत. त्यांच्याबरोबर फिरताना मी पहिल्यांदा ऐकलेला प्रश्न अजून आठवतो. मंडपाच्या खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "उंदीर करताय व्हय आमचा?"

"उंदराला कुणी विचारत नाही हो," बाई म्हणाल्या. "मी विचारायला आलेय. नको म्हणालात तर नको. नाही म्हणायला अजिबात लाजू नका."

म्हातारा खूष झाला. आला नाही तो नाहीच, पण जाताना आम्हाला पिशवीभर शेंगा दिल्या.

संमती घेण्याआधी माहितीपत्रक वाचून दाखवावं लागतं. इतर ठिकाणी काय करतात मला माहीत नाही, पण बाई अथपासून इतिपर्यंत वाचायच्या. मळमळ होऊ शकते, चक्कर येऊ शकते, अंगावर पुरळ उठू शकतं. ऐकणाऱ्यांपैकी दोघं पेंगायला लागले की त्या थांबायच्या, त्यांना पाणी द्यायच्या आणि ते पान पुन्हा वाचायच्या. "बाई, एवढं सगळं वंगाळ आधीच सांगताय, म्हंजे यात कायतरी घोळ हाय," असं एकजण उठून म्हणाला आणि चालता झाला. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. कुणी नाही म्हणालं की त्यांना उलट बरं वाटायचं, कारण त्याला आपलं बोलणं नीट पोचलं असं त्यांना वाटे.

अडचण व्हायची ती हो म्हणणाऱ्यांची. पलूसकडचे एक सुभेदार होते. फौजेतून निवृत्त झालेले, दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या मिशा, घरचा ऊस, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. बाईंनी वाचायला सुरुवात केली तशी त्यांनी हात पुढे केला. "कुठं सही मारायची? हुकूम द्या, मॅडम."

"हुकूम नाही, सुभेदार. तुमची मर्जी."

"मर्जी?" सुभेदारांनी तो शब्द जरा तोंडात घोळवून बघितला. "फौजेत मर्जी नसती. आन् घरात तर न्हाईच न्हाई."

बाई त्या दिवशी पोट धरून हसल्या. पण सही मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी घेतली, सुभेदारांना रात्रभर विचार करायला लावून. सुभेदार सकाळी इस्त्रीचे कपडे घालून आले होते. त्या दिवसापासून ते मॅडम सोडून बाई म्हणायला लागले.

ऑफिसच्या किल्ल्या, इन्व्हर्टरचं पाणी, कुरिअरवाल्याशी भांडण, सकाळी उपाशीपोटी रक्त दिलेल्यांना गरम उप्पीट, हे सगळं बाईंचं. त्यात औषधांचा फ्रिज हे मोठं प्रकरण होतं. त्याचं तापमान जरा वरखाली झालं की औषध फुकट. लाईट गेली की बाई घरून निघून फ्रिजपाशी येऊन बसायच्या. दिवाळीच्या पाडव्याला मी मलकापुरात घरी ताटावर बसले होते आणि बाईंचा शुभेच्छांचा फोन आला, तर मागे ऑफिसातल्या पंख्याची खडखड ऐकू येत होती.

पुढे सरांनी त्या फ्रिजला एक यंत्र बसवून घेतलं. काही बिघडलं की आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर घंटा वाजायची. "बाई, आता सुट्टीच्या दिवशी तुम्ही यायची गरज नाही," सर कौतुकानं म्हणाले. बाईंचं तोंड उतरलं. पुढच्या रविवारी मी विसरलेली छत्री न्यायला ऑफिसात गेले, तर बाई फ्रिजसमोर खुर्ची टाकून भाजी निवडत बसलेल्या. "यंत्र नवीन आहे. त्याची सवय होईपर्यंत यावं म्हटलं," त्या म्हणाल्या. ही सवय यंत्राला व्हायची होती की त्यांना, ते मी विचारलं नाही.

त्या मूळच्या साताऱ्याच्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे त्यांनी सांगितलं नाही आणि त्यांना विचारण्याइतकी मीसुद्धा तोंडाळ नव्हते. साताऱ्यात भाऊ आणि भावजय, सांगलीत गावभागात भाड्याची एक खोली. मी एकदाच तिथे गेले. खोली इतकी आवरलेली की कुठे बसावं ते कळेना. मी होते तेवढ्या वेळात दारावरून कुणी गेलं नाही, कुणी हाक मारली नाही, आणि ऑफिसात ज्यांच्या कानाला सतत फोन असायचा त्या बाईंचा मोबाईल टेबलावर गप्प पडून होता. खाली उतरताना मला उगीच गलबलून आलं. या बाईंचं बोलणं, हसणं, माणसं, जे काही होतं ते सगळं आमच्या ऑफिसातल्या त्या एका खुर्चीपाशी होतं.

आता गुडघ्यांचं सांगते, कारण सगळं बिनसलं ते तिथे.

गुडघेदुखीवरच्या गोळीचा अभ्यास होता. निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली मिळते हे त्यांना ठाऊक नाही, आम्हालाही नाही. दर आठवड्याला फोन करून एकच प्रश्न विचारायचा. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, तर आज किती?

आपल्याकडच्या माणसाला दुखणं आकड्यात सांगायची सवय नसते. "तुमी म्हणाल तेवढं लिवा," हे पहिलं उत्तर. बाई म्हणायच्या, तसं चालत नाही, तुम्हीच सांगा. मग घासाघीस सुरू व्हायची. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवलेला असायचा, त्यामुळे मलाही कानावर पडायचं.

"पाच लिवा."

"नक्की पाच?"

"आता तुमी एवढं आपुलकीनं इचारताय, तर चार करा की."

मी तोंडावर हात ठेवून हसायची. बाई हसायच्या नाहीत. त्या पुन्हा विचारायच्या, समोरचा चारावर ठाम राहायचा, आणि मग त्या चार लिहायच्या. स्वतःच्या मनचं त्यांनी कधी एक अक्षर लिहिलं नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. आठवड्यामागून आठवडे गेले तसे आकडे उतरत गेले. सुभेदार आठावरून दोनावर आले. कवठे महांकाळकडच्या एक आजी होत्या, त्या तर एकावर येऊन थांबल्या. "बघ गं, उतरतंय," बाई मला म्हणायच्या. अशा दिवशी त्या दुपारच्या चहाबरोबर सगळ्यांना बिस्किटं द्यायच्या.

मग पुण्याहून तपासनीस बाई आल्या. अशा अभ्यासात अधूनमधून येऊन कुणीतरी कागद तपासतं. त्यांनी एक दिवस बघितलं, दुसरा दिवस बघितलं आणि सरांना विचारलं, "तुमच्याकडे सगळेच्या सगळे बरे कसे होतात? निम्म्यांच्या गोळीत तर औषधच नाही."

त्यांचा संशय उघड होता, की आकडे घरी बसून भरलेत. बाईंचा चेहरा पांढरा पडला. तपासनीस बाईंनी त्यांच्यासमोरच तीन-चार जणांना फोन लावले. मी तिथे होते. किती दुखतं याचं उत्तर एकानंही सरळ दिलं नाही. "आमच्या बाई लय चांगल्या हायत," प्रत्येकजण म्हणाला. "त्यांनी लिवलंय ते बराबर हाय. आमी एकदम बरं हाय." पुण्याच्या बाईंनी फोन ठेवला. माणूस वाईट नव्हत्या त्या. "तुम्ही काहीच चुकीचं लिहिलेलं नाही," त्या बाईंना म्हणाल्या. "पण हे लोक तुमच्या भिडेखातर कमी सांगतायत."

"माझी माणसं माझ्याशी खोटं बोलणार नाहीत," बाई म्हणाल्या.

त्यावर कुणी वाद घातला नाही. पण त्या आठवड्यापासून फोन दुसऱ्या कुणीतरी करायचे असं ठरलं. ठरलेली वाक्यं वाचायची, एक शब्द इकडे-तिकडे नाही. "जेवलात का" नाही, "पाऊस आहे का" नाही. माणसं तपासणीला ऑफिसात येतील त्या दिवशी बाईंनी मागच्या खोलीत बसायचं. सरांनी हे त्यांना खूप सांभाळून सांगितलं. बाई म्हणाल्या, "हो सर, नियम तो नियम." मग त्यांनी फोन स्वतःच्या टेबलावरून उचलला, पुसला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. दुसरं कुणीतरी म्हणजे मी.

पहिला फोन सुभेदारांना केला. बाईंची खुर्ची माझ्यासमोर होती. त्या कुरिअरची पाकिटं चिकटवत होत्या आणि कान माझ्याकडे होते. मी फोन कानाला लावून ठरलेलं वाक्य म्हटलं.

"बाई कुठं हायत?" सुभेदारांनी विचारलं.

त्यांना दुसरं काम दिलंय म्हणून सांगितलं आणि प्रश्न वाचला. सुभेदारांनी आवाज खाली आणला. "तुमी आता लिवणार ते बाई वाचणार हायत का?"

नाही म्हटलं.

"मग सात लिवा. जिना चढायचा म्हंजे डोळ्यांपुढं अंधारी येती. पण बाईंना सांगू नका. लय जीव लावलाय त्यांनी, वाईट वाटंल त्यांना."

मी सात लिहिले. समोर बाई पाकिटावर बोट दाबून थांबल्या होत्या. "कसे आहेत सुभेदार?"

आकडे त्यांना सांगायचे नाहीत हाही नियमच होता. पण नियमाची आठवण करून देण्याइतकी माझी जीभ रेटेना. "बरे आहेत," मी म्हटलं.

त्या दिवशी एकामागून एक सगळे तेच बोलले. कवठ्याच्या आजी म्हणाल्या, "अगं पोरी, रातभर ठणकतंय. पर बाईस्नी कसं सांगावं? त्या एवढ्या मायेनं इचारत्यात. आमच्यात एवढं इचारतंय कोण? त्यांच्या गोळीला नाव ठेवल्यागत व्हईल की." कुणाचे पाच, कुणाचे आठ. काहीजण खरंच बरे झाले होते, नाही असं नाही. पण बाकीचे इतके दिवस नुसते बाईंसाठी बरे होत होते. दर फोननंतर बाई विचारायच्या, कसे आहेत, आणि दर वेळी मी म्हणायची, बरे आहेत. मी इतरांना भिडस्त म्हणून हसायची आणि माझी गत काही वेगळी नव्हती.

असे काही आठवडे गेले. बाई फोनशिवाय दिवस काढत होत्या. कपाटं आवरून झाली, ती पुन्हा आवरून झाली. पण त्यांच्यात अजून जोर होता, कारण त्यांची खात्री होती की कधीतरी आकडे जुळतील आणि फोन त्यांच्याकडे परत येईल. "माझी माणसं आहेत ती," असं त्या मधूनच म्हणायच्या. मी संगणकात डोकं घालून बसायची.

मग सुभेदारांचा तपासणीला यायचा दिवस आला. बाई मागच्या खोलीत होत्या. त्या खोलीची खिडकी इमारतीच्या फाटकाच्या बाजूला आहे. मी काहीतरी विचारायला आत गेले, तर त्या खिडकीशी उभ्या. मला वाटलं, सुभेदारांना लांबून का होईना बघावं म्हणून उभ्या असतील. मीही शेजारी जाऊन उभी राहिले.

खाली सुभेदार रिक्षातून उतरत होते. आधी एक पाय हातानं धरून त्यांनी बाहेर काढला. मग दुसरा. रिक्षाचा दांडा धरून तसेच उभे राहिले. रिक्षावाला हात द्यायला आला, त्याला त्यांनी झिडकारलं. मग फाटकाला धरत, भिंतीला धरत, दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकवत ते इमारतीच्या दाराजवळ आले. तिथे थांबून त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. आणि त्यांची नजर वर गेली.

बाईंना बघितल्याबरोबर सुभेदार ताठ झाले. हात झाडले, छाती पुढे काढली, मिशीला पीळ दिला. दारापर्यंतची राहिलेली चार पावलं ते परेडवर असल्यासारखे चालले. "एकदम फर्स्टक्लास, बाई!" त्यांनी खालून आवाज दिला. "पळायला लावा म्हणाल तर पळतो!"

"छान हो, सुभेदार," बाई वरून म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

सुभेदार आत गेले. जिन्यातून त्यांच्या पावलांचा आवाज येत होता. एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. बाई तो आवाज संपेपर्यंत ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सगळेच?"

या वेळी मला बरे आहेत म्हणता आलं नाही. "बरेचसे," मी म्हटलं.

बाई खुर्चीत बसल्या. त्या रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. समोरची कुरिअरची पाकिटं घेतली आणि चिकटवायला लागल्या. मध्येच म्हणाल्या, "आपण विचारलं की माणूस आपल्यासाठी बरं होतं. आणि दुखणं घेऊन एकटं घरी जातं." मला काहीतरी बोलायचं होतं. ते सगळं मायेपोटी होतं, बाई, असं काहीतरी. पण ते त्यांना माझ्याहून जास्त कळलं होतं, आणि तेच त्यांना लागलं होतं.

त्यानंतर बाईंनी लोकांना कसे आहात हे विचारणं बंद केलं. तुम्हाला ही गोष्ट लहान वाटेल. मी रोज सकाळी आले की त्या विचारायच्या, "कशी आहेस? झोप झाली का?" ते थांबलं. शिपायाच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा बाईंनी डबा पाठवला, पण तिची चौकशी केली नाही. अभ्यास संपत आला तेव्हा सरांनी फोन पुन्हा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. तो वाजला की त्या बसूनच घ्यायच्या, पलीकडच्याचं काम विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. गावाकडची माणसं मला विचारायची, बाई आमच्यावर रागावल्या का. मी त्यांना काय सांगणार होते?

वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली आणि त्या साताऱ्याला भावाकडे राहायला गेल्या. निरोपाचा कार्यक्रम नको म्हणाल्या. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देताना कुठली किल्ली अडकते ते सांगितलं आणि रिक्षात बसल्या.

मी त्यांना फोन करायची. "कशा आहात बाई?" "अगदी मजेत. साताऱ्याची हवा मानवलीय." दर वेळी एकदम मजेत, दर वेळी तोच आवाज. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं एवढे गुडघे ऐकले त्याला तो आवाज ओळखायला किती वेळ लागणार? मी एका रविवारी सांगलीहून एसटी पकडली.

भावाचं घर चांगलं होतं, भावजय चांगली होती. बाईंना वरची खोली दिली होती, खिडकीतून किल्ला दिसणारी. बाई खूप वाळल्या होत्या. त्या पलंगावर बसून पावटे सोलत होत्या. माझ्या तोंडावर प्रश्न आला होता, तो मी गिळला. मी खाली चटईवर बसले आणि त्यांच्या परातीतले पावटे घेऊन सोलायला लागले. मी त्यांना काही म्हणजे काही विचारलं नाही. भावजयीनं चहा आणून दिला, तो प्यायलो. खाली कुणाचा तरी टीव्ही लागला होता. माझी परतीची एसटी गेली असेल असं वाटलं, पण मी उठले नाही.

पावटे संपत आले तेव्हा बाईंनी आपणहून तोंड उघडलं.

"पोटात दुखतं गं," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस झाले. जेवण जात नाही. वहिनीला सांगितलं नाही, ती बिचारी आधीच सगळ्यांचं करते."

मी तेव्हाही मान वर केली नाही. मग त्या बोलत राहिल्या. कुठे दुखतं, कसं दुखतं, पहाटे जाग येते तेव्हा किती भीती वाटते. सांगलीच्या त्या खोलीबद्दल बोलल्या, जी त्यांना कधीच आवडली नव्हती. रविवार किती मोठा असतो त्याबद्दल बोलल्या. इतक्या वर्षांत त्यांना स्वतःबद्दल एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "तुमच्या दादांना सांगू का? तुमची मर्जी असेल तर." बाई जरा हसल्या. "सांग," म्हणाल्या.

डॉक्टर झाले, पुण्याच्या खेपा झाल्या. पण दुखणं फार पुढे गेलं होतं. मी जमेल तसे रविवार तिकडे घालवले. आम्ही भाजी निवडायचो, लसूण सोलायचो, आणि बोलायचं असलं तर त्या बोलायच्या. पावसाळा संपता संपता त्या गेल्या.

ऑफिस अजून आहे. मी आता त्यांच्या जागेवर बसते, माणसंही मीच जोडते. बाईंना लावायची तेवढा जीव ती मला लावत नाहीत, आणि प्रश्न विचारते तेव्हा खरी उत्तरं देतात. कामाच्या दृष्टीनं हे चांगलंच आहे. दुपारी ऑफिस शांत असतं तेव्हा मात्र मला ते चांगलं वाटत नाही.

बाई गेल्याचं पलूसकडे कुणीतरी सांगितलं असावं. काही दिवसांनी सुभेदारांचा फोन आला. बराच वेळ ते नुसतेच घसा साफ करत होते.

"आजारी व्हत्या?"

"हो."

"कुणी व्हतं जवळ?"

"होते सगळे. मीही होते."

पुन्हा घसा साफ झाला. "एक इचारू? माझ्या गुडघ्याचं... ते बाईंना शेवटपत्तुर कळलं न्हाई न्हवं?"

"नाही सुभेदार," मी म्हटलं. "तुम्ही अगदी बरे झालात असंच त्यांना वाटत होतं."

"ब्येस झालं," सुभेदार म्हणाले. "तेवढीच काळजी लागली व्हती."